जिलेटिनची मान

जिलेटिन दादरला केकचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळालं. जाड साखरेसारखे पिवळसर दाणे. दुकानदाराने विचारलं, "पुडिंग?" मी हो म्हणालो. मान बनवायची आहे, हे काउंटरवरच्या गर्दीत सांगणं अवघड होतं.

बंदुकीची गोळी शरीरात किती खोल जाते हे तपासायला प्रयोगशाळेत जिलेटिनचा ठोकळा वापरतात. एक भाग जिलेटिन, नऊ भाग पाणी. नीट जमलेला ठोकळा साधारण मांसाइतका प्रतिकार करतो, म्हणून त्यावर झालेली जखम माणसाच्या जखमेसारखी मानता येते. आम्हाला गोळी झाडायची नव्हती. पतंगाचा नायलॉनचा मांजा मानेत किती जातो ते दाखवायचं होतं. संक्रांत जवळ आली होती, आणि मी आता जिथे काम करतो तिथे बातमी छापत नाहीत, तिचा व्हिडिओ करतात.

कल्पना आमच्या निर्मातीची. ती माझ्याहून निम्म्या वयाची आहे आणि मला सर म्हणते. ती म्हणाली, "सर, ग्राफिक्स कोणी बघत नाही. खरं काहीतरी कापून दाखवू." मग थोडं थांबून, "आणि मॅडम येतील का? चेहरा नाही दाखवला तरी चालेल."

मॅडम म्हणजे माझी बायको. आदल्या वर्षी याच दिवसांत ती शिवडीहून ऑफिस सुटल्यावर स्कूटरवरून घरी येत होती. लालबागच्या उड्डाणपुलावर तिच्या गळ्यावर मांजा आला. जबड्याखाली डावीकडे कापलं. परळला हॉस्पिटलात टाके पडले. हेल्मेटचा पट्टा अर्ध्यापर्यंत कापला गेला होता, आणि गळ्यातलं मंगळसूत्र तुटून मणी रस्त्यावर पसरले होते. मागून येणाऱ्या टॅक्सीवाल्याने त्यातले हाती लागले तेवढे गोळा करून रुमालात बांधून दिले.

तुटलं असं आमच्या घरात म्हणत नाहीत. आई म्हणाली, "वाढलं." मी हॉस्पिटलातून पैसे आणि कपडे न्यायला घरी आलो तेव्हा तिने आधी मला पाटावर बसवलं आणि माझी दृष्ट काढली. सुनेचं मंगळसूत्र वाढलं म्हणजे काळजी मुलाची. मी बसलो. मीठ-मिरच्या माझ्यावरून उतरून होईपर्यंत हातात बायकोचा स्वेटर धरून बसलो. वाद घालायला वेळ नाही, असं तेव्हा मनाशी म्हणालो. बसायला मात्र वेळ होता.

पुढे करी रोडच्या आमच्या इमारतीत एक गोष्ट पक्की झाली: हिला मंगळसूत्राने वाचवलं. त्याने वार स्वतःवर घेतला आणि ते वाढलं. ही जुनी चाळ पाडून झालेली इमारत आहे. लिफ्ट आली, दारं बंद व्हायला लागली, पण खालच्या मजल्यावर ठरलेलं वरच्या मजल्यावर अजून त्याच दिवशी पोचतं. बायकोने मात्र कापलेला पट्टा एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवला. स्कूटर खाली कव्हर घालून उभी राहिली. ती वर्षभर शेअर टॅक्सीने आणि पायी ऑफिसला गेली. आईचं म्हणणं, गाडी विकून टाका. भोईवाड्यात आईच्या ओळखीच्या बाईंच्या जावयाला ती हवीही होती.

व्हिडिओचं मी रात्रीच्या जेवणानंतर सांगितलं. बायको भांडी पुसत होती. म्हणाली, "येते. पण मानेला हेल्मेटचा पट्टा लावून पण बघायचं. मला बघायचंय, मी कशाने वाचले ते."

"म्हणजे?"

"पट्ट्याने वाचले असेन तर परत गाडी काढीन. पट्टा आहे, त्याच्यावर गळपट्टी घालीन. आणि पट्ट्याने नाही, नशिबानेच वाचले असेन तर नशिबावर रोज उड्डाणपूल चढायची माझी हिंमत नाही. मग विकून टाक."

आईसमोर ती मला अहो म्हणते. आम्ही दोघेच असलो की अरे.

मापासाठी मी शिवणाच्या पेटीतली टेप घेतली. ती आरशासमोर उभी राहिली आणि केस वर धरले. टेप वणावरून जात होती. वर्षभरात मी त्या जागेला हात लावला नव्हता. तिच्या ते लक्षात आलेलं होतं, हे तिने मान ज्या सरळपणे पुढे केली त्यावरून कळलं. "घट्ट धर," ती म्हणाली, "दुखत नाही आता."

साचा म्हणून शेवयांचा उंच, गोल डबा बरोबर त्या मापाचा निघाला. आतून तेल लावलं. फ्रीजचा एक कप्पा रिकामा केला. पाण्यात भिजवलेलं जिलेटिन फुगून टोपात ओल्या रव्यासारखं दिसत होतं. पुढची पायरी सोपी होती, आणि मी ती दोन वेगवेगळ्या ठिकाणी वाचून पडताळली होती: मंद गॅसवर हळूहळू विरघळवायचं, कोमटाच्या फार पुढे जाऊ द्यायचं नाही. उकळलं की जिलेटिनची ताकद जाते. दिसतं छान, जमतंही, पण लिबलिबीत होतं. ही माहिती मला होती.

टोप गॅसवर असताना निर्मातीचा फोन आला. कॅमेरा कुठे लावायचा, गच्चीची परवानगी मिळाली का, असं काय काय. मी बाल्कनीत गेलो. आई स्वयंपाकघरात होती. तिने उन्हाळ्यात चायना ग्रास घालून दुधाच्या वड्या केल्याचं मी लहानपणापासून पाहतो. चायना ग्रास खळखळून उकळावं लागतं, नाहीतर वडीत तंतू राहतात. तिने टोपात पाहिलं, गॅस मोठा केला, आणि डाव घेऊन ढवळत उभी राहिली.

मी आत आलो तेव्हा टोप चांगला रटरटत होता.

"आई, उकळायचं नव्हतं."

"उकळल्याशिवाय विरघळतला कसा?" ती म्हणाली. "बघ कसां काचेसारखा झाला." मग नाक मुरडलं. "वास कसलो येता?"

"जिलेटिन आहे. हाडांपासून, कातड्यापासून करतात."

आईने डाव तिथेच ठेवला. "शनवारचा माझ्या टोपात हाडां शिजवतंस? मेल्या, आधी सांगूक नको?"

ती घासणी घेऊन डावावर तुटून पडली. बायको बाहेरून हसत आली. मीही हसलो. टोपातलं पातळ खरंच काचेसारखं स्वच्छ दिसत होतं. बुडबुडे नाहीत, गढूळपणा नाही. कॅमेऱ्यावर उत्तम दिसेल, असं माझ्या मनात आलं. नवीन आणायचं तर परत दादर, पुन्हा भिजवणं, पुन्हा रात्रभर फ्रीज, आणि शूट सकाळी. मी डबा भरला आणि झाकण लावलं.

सकाळी ठोकळा सुरीने कडा सोडवून ताटात उलटा केला. बोट दाबलं, ते सहज आत गेलं. आपल्या मानेवर बोट दाबलं तर असं जात नाही. मी ते पाहिलं, आणि ठोकळा ओल्या फडक्यात गुंडाळून गच्चीवर नेला.

गच्चीवर पंधरावीस जण जमले होते. पाण्याच्या टाकीच्या शिडीला नायलॉनचा मांजा गेल्या मोसमापासून अडकून होता. तोच सोडवून घेतला, म्हणजे बंदी असलेला मांजा विकत घ्यायचा प्रश्न आला नाही. सोसायटीचे सेक्रेटरी इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. आईला खुर्ची दिली होती. बायको टाकीच्या सावलीत उभी होती, गळ्याभोवती ओढणी. निर्माती सगळ्यांना सांगत होती की हे बॅलिस्टिक जेल आहे, ते अगदी माणसाच्या मांसासारखं वागतं, आणि सरांनी ते स्वतः बनवलंय.

"पेपरवाले आहेत ते," सेक्रेटरी म्हणाले. "त्यांचं काम पक्कं असतं."

मांज्याचं एक टोक शिडीला बांधलं. धागा ठोकळ्यासमोरून आडवा घेतला. दुसरं टोक लिफ्टमनने हाताला गोणपाट गुंडाळून ओढलं. ठोकळ्याचा वरचा भाग सरकला आणि ताटात पडला. मग एकदम आवाज झाला.

"आयला, केळं कापल्यासारखं!"

"मुंडीच गेली की!"

निर्मातीने अंगठा वर केला. बायकोचा हात ओढणीखाली गळ्यावर गेला होता.

मग उरलेल्या भागाला हेल्मेटचा पट्टा बांधला, तिच्या हेल्मेटवर होता तसलाच. लिफ्टमनने पुन्हा ओढलं. पट्टा कापला गेला नाही. पण खालचं जिलेटिन इतकं मऊ होतं की पट्टाच आत रुतला, आणि त्याच्याबरोबर धागाही. ठोकळा मधोमध फाटला.

"म्हटलेलंय मी," आई खुर्चीतून म्हणाली. "पट्टो काय करतलो?"

शेजारच्या काकू बायकोजवळ गेल्या आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. "मंगळसूत्रच गं. दुसरं काही नाही. बघितलंस ना आता डोळ्यांनी?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, आरोप नव्हता. तिने प्रश्न विचारला होता, उत्तर आलं होतं, आणि उत्तर देणाऱ्यावर तिचा विश्वास होता.

"विकून टाका," ती म्हणाली.

तिथे मला एक वाक्य बोलायचं होतं. ठोकळा बिघडलेला आहे, हे धरू नका. बातमीच्या धंद्यात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला हे वाक्य अवघड नाही. पेपरात असताना दुसऱ्यांच्या बातम्यांवर मी ते रोज लिहीत होतो: आधार काय, पडताळलं का. पण कॅमेरा चालू होता, निर्माती खूश होती, सेक्रेटरींनी नुकतंच माझं कौतुक केलं होतं, आणि बोललो असतो तर कोणी उकळलं हा प्रश्न आईपर्यंत गेला असता. हे शेवटचं कारण सगळ्यात सभ्य होतं, म्हणून मी ते पुढे केलं. स्वतःपुढेच, बाकी कोणी विचारलं नव्हतं. मी ताट उचललं आणि तुकडे गोळा करायला लागलो.

व्हिडिओ त्याच संध्याकाळी गेला. चांगला चालला. भोईवाड्याच्या जावयाचा फोन आला, मंगळवारी गाडी बघायला येतो म्हणून. सोमवारी ऑफिसहून आल्यावर बायकोने स्कूटरची कागदपत्रं काढून टेबलावर ठेवली, कव्हर काढून खाली गाडी पुसून आली, आणि हातपाय धुऊन भाजी निवडायला बसली. गवार होती. ती प्रत्येक शेंगेच्या शिरा काढत होती, नेहमीसारख्याच, फक्त रेडिओ लावला नव्हता.

मी म्हणालो, "तो ठोकळा बिघडलेला होता."

तिने मान वर केली.

मी सांगितलं. उकळणं, बोट आत जाणं, सगळं.

"तुला वर जाण्याआधी माहीत होतं?"

"हो."

"आणि मी विकून टाका म्हणाले तेव्हा?"

"हो."

ती म्हणाली, "त्यांच्यासमोर तू नाही बोललास, ते एक वेळ समजलं. पण काल रात्री आपण दोघंच होतो. तेव्हा?"

तिने शेंगा पुढे ओढल्या. "जिलेटिन आण उद्या. आणि त्या माणसाला सांग येऊ नको म्हणून. काय करायचं ते नीट बघून ठरवू."

दुसऱ्या वेळी टोपाशी ती उभी राहिली. आईने आपला टोप द्यायला साफ नकार दिला, म्हणून ऑफिसला जाण्याआधी ती जुनं ॲल्युमिनियमचं पातेलं शोधून घासून गेली होती. गॅस अगदी बारीक. तिने करंगळी पातळात बुडवून ठेवली. "तान्ह्या बाळाच्या अंघोळीएवढं," ती म्हणाली. "याच्या पुढे नाही जाऊ द्यायचं." विरघळायला फार वेळ लागला. पातळ थोडं गढूळ राहिलं. कॅमेऱ्यावर ते वाईट दिसलं असतं.

जमलेल्या ठोकळ्यावर तिने आधी स्वतः बोट दाबलं, मग आपल्या मानेवर, मग परत ठोकळ्यावर. "आता ठीक," म्हणाली.

मांजा खिडकीच्या ग्रिलला बांधला. ओढायचं तिनेच ठरवलं. मी ठोकळा धरून ठेवतो म्हणालो, तर म्हणाली, "तू बाजूला हो. हात कापून घेशील आणि आई परत दृष्ट काढतील." हे ती पहिल्यांदाच बोलली. तिला ते माहीत होतं हे मला माहीत नव्हतं.

पट्ट्याशिवाय धागा खोल गेला, पण आरपार नाही. पट्टा लावल्यावर पट्टा अर्धा कापला गेला आणि धागा तिथेच अडला. फक्त पट्ट्याच्या वरच्या कडेला, जिथे तो सुटतो, तिथे ठोकळ्यात एक तिरकी चीर पडली. डावीकडे. तिने कपाटातून प्लास्टिकची पिशवी आणली आणि जुना पट्टा नव्या पट्ट्याशेजारी ठेवला. दोन्ही सारखेच कापले गेले होते. मग ती खुर्चीवर बसली आणि रडली. मी पाणी आणून दिलं.

रथसप्तमीच्या आधी आमच्याकडे हळदीकुंकू असतं. त्या दिवशी पुरुष घराबाहेर जातात आणि आई स्वयंपाकघरात बसते. बाबा गेल्यापासून ती हळदीकुंकवाच्या वेळी बाहेरच्या खोलीत येत नाही. तिला कोणी नको म्हटलेलं नाही. ती येत नाही.

मी चपला घालत होतो. बायको म्हणाली, "थांब. तू आज जायचं नाही."

वाण म्हणून तिने जाड कापडाच्या गळपट्ट्या शिवून घेतल्या होत्या, गाडीवर घालायच्या. बायका त्या उलटसुलट करून बघत होत्या. एकीने विचारलं, "मफलर आहे का गं हा?" शेजारच्या काकू म्हणाल्या, "काय उपयोग? त्या दिवशी पट्ट्याचं काय झालं ते बघितलं की आम्ही."

बायको म्हणाली, "अहो, सांगा."

खोलीभर बायका होत्या, काठापदराच्या साड्यांत, हातांत तिळगुळाच्या वड्या. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीशी उभा राहून सांगितलं की त्या रविवारी गच्चीवर दाखवलेलं चुकीचं होतं. जिलेटिन उकळलं गेलं होतं, त्यामुळे ते मांसापेक्षा फार मऊ झालं. नीट बनवल्यावर पट्ट्याने धागा अडवला. हिला हेल्मेटच्या पट्ट्याने वाचवलं.

"उकळलं गेलं म्हणजे?" काकूंनी विचारलं. "कोणी उकळलं?"

"मी," मी म्हणालो.

ते वाक्य तोंडातून निघताना मला बरं वाटलं. आईला वाचवतोय, चूक आपल्या अंगावर घेतोय, असं काहीतरी. एका दुरुस्तीत मी दुसरं खोटं घातलं होतं.

स्वयंपाकघराच्या दाराचा पडदा सरकला. आई उंबऱ्यावर उभी होती, पदर खांद्यावरून घट्ट लपेटून. इतक्या वर्षांत त्या दिवशी ती तिथे उभी राहिलेली मी पाहिली नव्हती.

"ह्येका काय कळता?" ती म्हणाली. "तां मियाच उकळवलंय. चायना ग्रास समजून. ह्यो फोनवर होतो."

मग आई माझ्याकडे वळली. "मिया उकळवलंय तां खरा. पण तुका ठाऊक होता ना? मग वर नेलंस कित्याक?"

तिने उत्तराची वाट पाहिली नाही.

"आणि मंगळसूत्र होतांच," ती काकूंना म्हणाली. "पट्टो पण होतो. दोन्ही होती."

बायकोने एक गळपट्टी उचलली आणि दारापाशी जाऊन आईच्या हातात दिली.

"माका कित्याक? मी काय स्कूटर चालवतंय?"

"थंडीची घाला," बायको म्हणाली.

आईने ती घेतली, उलटून शिवण तपासली, आणि पडद्याआड गेली.

दुसऱ्या दिवशी स्कूटर सुरू होईना. वर्षभर उभी होती. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने बॅटरी बदलली. बायकोने गळपट्टी घातली, हेल्मेटचा पट्टा लावला, हनुवटीखाली बोट घालून घट्ट आहे का ते पाहिलं आणि शिवडीच्या दिशेने गेली. वर खिडकीत आई होती. मी फाटकाशी होतो. तिने आम्हा दोघांकडेही पाहिलं नाही. समोर बसच्या मागून वाट काढायची होती.

व्हिडिओ अजून आहे. मी निर्मातीला काढायला सांगितलं. ती म्हणाली, "सर, पेपरात शुद्धिपत्र असायचं, इथे कुठे टाकू?" शेवटी व्हिडिओखालच्या मजकुरात एक ओळ घातली, जी उघडल्याशिवाय दिसत नाही. परवा तो व्हिडिओ सावंतवाडीच्या मावशीकडून मला फिरत आला. खाली लिहिलं होतं, आईला म्हणावं, सुनेला दाखव, गाडी चालवू देऊ नको.

मी उत्तरात लिहिलं, ठोकळा चुकीचा आहे, मी बनवलेला आहे, गच्चीवर नेण्याआधी मला माहीत होतं. मावशीने जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं.